शनिवारचा धुणीवाला

घरकामाला येणाऱ्या शकुबाईनं मटाराची शेंग फोडता फोडता सहज विचारलं, "दादा, तिकडे कपडे धुवायला खरंच इतक्या दूर जावं लागते का हो?" आणि अनिमेषच्या हातातली शेंग हातातच राहिली. गुरुवारची सकाळ होती. पाटनचा मटार परातीत ओतला होता, अंगणात जानेवारीचं कोवळं ऊन होतं, आणि बाबा गढ्याच्या बाजारात कोथिंबीर आणायला गेले होते. जर्मनीहून येऊन अनिमेषला दहा दिवस झाले होते, रविवारी सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. जे सांगायला तो आला होता ते अजून पोटातच होतं. त्यात हे कपड्यांचं काय मधेच? "कोन म्हनालं?" त्यानं विचारलं. "कोण म्हणणार! बाबाच. दर शनिवारी तुम्ही त्या धुणीवाल्याकडे जाता ना, चाळीस मिनिटं पायी? म्हणून तर शनिवारचे कपडे मला हातच लावू देत नाहीत. म्हणतात, शकू, तिकडे पोरगा धुऊन राहिला, इकडे मी धुतो, तुझं काय काम मधात? फोन ठेवतात खिडकीत, मोठा आवाज करतात, कानाचं मशीन काढून ठेवतात पाण्यानं बिघडेल म्हणून, अन् बसतात घासत. गुडघे दुखतात, पण ऐकते कोण! अकरा वर्षं झाले बाप्पा." शकुबाई हसली, आणि टपोरे दाणे बोटानं बाजूला सारत पुढच्या शेंगेकडे वळली. आपण काय बोलून गेलो याचा तिला पत्ताच नव्हता.

अनिमेष आधी हसला. मग हसता हसता त्याच्या लक्षात आलं की हे हसण्यासारखं नाही. धुणीवाला! तो कधीच धुणीवाला म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता धुनीवाला. आणि यात चूक म्हणावी तर त्याच्या जिभेची, लहानपणापासूनची. हिंदी शाळा, हिंदी गल्ली, हिंदी मित्र, त्यामुळे त्याच्या तोंडात ण कधी बसलाच नाही. पाण्याला पानी, कोणाला कोन. बाबा शाळेत गणित शिकवायचे, पण घरात भाषेचे मास्तर. "अनिमेष, पानी नाही, पाणी. जीभ वर ने, टाळूला लाव." जीभ वर जायची आणि तशीच रिकामी खाली यायची. शेवटी बाबांनी नाद सोडला. पोरगा न म्हणेल तिथे आपण मनात ण लावून घ्यायचा, आकड्यातली बेरीज सुधारावी तसा. तीसपस्तीस वर्षं ते हेच करत आले होते. आणि आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्यानं न बरोबर जागी वापरला, तर बाबांनी तोही सवयीनं सुधारून घेतला!

धुनी हा शब्द खरं तर या घरातलाच. आईचा. रविवारी मटण झालं की आई, सत्यभामाबाई, कांद्याची एक खोलगट पाकळी रश्शावर तरंगत ठेवायची, तिच्यात चुलीतला रसरशीत निखारा, त्यावर तुपाचे दोन थेंब, आणि चर्र झालं की झाकण घट्ट. "धुनी देऊन राहिली, कोणी उघडू नका रे." पाच मिनिटं घर गप्प बसायचं. मग झाकण निघायचं आणि तो वास यायचा, केसांत, उशीत, सोमवारच्या वहीतसुद्धा. बारा वर्षांपूर्वी आई वारली आणि तिच्याबरोबर तो शब्दही घरातून गेला. बाबांनी मटण करणंच सोडलं. अनिमेष वर्षभरात जर्मनीला गेला, डोंगराजवळच्या एका लहान गावात, यंत्रांचे आराखडे काढायच्या नोकरीवर. बायको होती बरोबर, यशश्री. पहिल्याच थंडीत एका शनिवारी नदीकाठानं चालता चालता त्याला तो वास आला. तो अक्षरशः जागीच उभा राहिला. एका घराच्या मागे दगडी खोपटं होतं, आतून तव्याच्या बुडासारखं काळंकुळकुळीत, आकड्यांना टांगलेल्या तंगड्या, सॉसेजच्या माळा, खाली लाकडाचा भुसा धुमसत होता. दारात एक म्हातारा उभा होता. त्यानं सुरीच्या टोकावर एक पातळ तुकडा कापून पुढे केला. अनिमेषनं तो खाल्ला आणि परक्या देशात, परक्या माणसासमोर, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्याला वाटलं धूर लागला. त्यानं दार आणखी उघडलं.

त्या दिवशी परतताना त्यानं बाबांना फोन लावला आणि म्हणाला, "बाबा, मला इथं एक धुनीवाला सापडला." पलीकडे बाबा क्षणभर थांबले होते. मग खुशीत म्हणाले होते, "वा! छान झालं. किती दूर?" आज अंगणात बसून त्याला ती खुशी आठवली आणि ती कशाची होती ते कळलं. पोरगा हिंदीत धोबी म्हणाला नाही, घरच्या भाषेत काहीतरी जुळवून धुणीवाला म्हणाला, याची ती खुशी होती. आणि नंतरची अकरा वर्षं! दर शनिवारी तो निघायचा तेव्हा तिकडे दहा वाजलेले असायचे, इकडे दुपारचे अडीच किंवा दीड. चालता चालता तो त्या योझेफ म्हाताऱ्याबद्दल काय काय सांगायचा. आता एकेक वाक्य त्याच्या कानाशी परत येऊ लागलं आणि प्रत्येक वाक्य, अरे देवा, दोन्हीकडे बसत होतं. "बाबा, तो दोन दोन दिवस टांगून ठेवतो." "थंडी आहे ना, मग लागणारच." "आधी मीठ लावून ठेवतो." "अच्छा? हां, रंग जाऊ नये म्हणून." "लाकूड फार महाग झालं म्हनून राहिला." "पाणी तापवायला लागतेच रे, काय करेल बिचारा." योझेफची बायको वारली तेव्हा बाबा हळहळले होते, "आता एवढं काम एकट्यानं कसं करेल तो?" एवढी माया, आणि ती एका अशा परटावर जो जगात कुठंच नव्हता. अनिमेषनं मूठभर मटार तोंडात टाकले. गोड होते. त्याला काही चव लागली नाही.

मटारानंतरचा तो सगळा दिवस त्यानं घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. कारण धुणीवाल्यामागे दुसरी गोष्ट होती, तीच खरी. यशश्री तीन वर्षांपूर्वी त्याला सोडून गेली होती आणि त्यानं हे बाबांना सांगितलं नव्हतं. भांडण झालं असतं तर सांगणं सोपं होतं. भांडण झालंच नाही. पहिल्या वर्षी ती शनिवारी त्याच्याबरोबर धुनीवाल्याकडे यायची, मग केसांना धूर लागतो म्हणून बाहेर नदीकाठी थांबायची, मग घरीच राहायला लागली. तो चाळीस मिनिटं जायचा, बाबांशी बोलायचा, चाळीस मिनिटं यायचा, आणि घरी आल्यावर बोलायला त्याच्यापाशी काही उरलेलं नसायचं. एका शनिवारी तो आला तेव्हा ती बॅग भरून, कोट घालून स्वयंपाकघरात बसली होती. "तू आलास की जाईन म्हटलं," ती म्हणाली. "न सांगता जाणं बरं दिसत नाही." पुण्याची मुलगी, बोलणं स्वच्छ. दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती तिला. दारात थांबून तिनं त्याच्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता एकट्यापुरतंच आणत जा." तो पुढच्या शनिवारी गेला. योझेफनं नेहमीसारखी दोन बोटं वर केली. दोघांचं ना? एवढंच त्याचं विचारणं असायचं, दर वेळी. अनिमेषनं मान हलवली, हो, दोघांचं. म्हाताऱ्याची स्वतःची बायको नुकतीच गेलेली, त्याच्यापुढे काय रडगाणं गायचं, असं त्यानं मनाला सांगितलं. पण खरं ते नव्हतं. एक बोट वर करायला त्याचा हातच होईना. मग तीन वर्षं दर शनिवारी दोघांचं येत राहिलं. एकाचं तो खायचा, एकाचं बर्फाच्या कप्प्यात जायचं. तो कप्पा भरला की दार लागत नसे, मग तो काही पुडकी काढून टाकून द्यायचा आणि त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

तिकडे योझेफला खोटं, इकडे बाबांना खोटं. "यशश्री झोपली आहे." "यशश्री कामावर गेली." या वेळी मात्र तो ठरवून आला होता. बाबा एकोणऐंशी वर्षांचे, पुढच्या खेपेचं कोणी सांगावं? तोंडानं सुरुवात होणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं योझेफकडून मेंढ्याच्या तंगडीचा एक तुकडा खास धुरावून आणला होता. बाबांना मेंढ्याचं चालतं. तो कापायचा, वास दरवळला की म्हणायचं, बाबा, हा माझा धुनीवाला, आणि त्या ओघात पुढचंही बोलून टाकायचं, असा बेत. पुडकं अजून बॅगेतच होतं, शर्टांच्या घडीत, दहा दिवस. आता तर ते बाहेर काढायचीच चोरी झाली. ते काढलं की धुणीवाला मेला. बाबा दर शनिवारी गुडघे मोडून मोरीच्या दगडापाशी बसतात ते एकटे नसतात, सात समुद्रांपलीकडे पोरगाही धुतोय असं धरून बसतात. ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं? कशासाठी? एका अक्षरासाठी? आणि आणखी एक गोष्ट त्याला आता टोचू लागली. दहा दिवसांत बाबांनी यशश्रीचं नावही काढलं नव्हतं. का आली नाही, केव्हा येईल, काही नाही. त्याला वाटलं होतं वयामुळे विसरतात. पण जे बाबा योझेफच्या बायकोच्या वर्षश्राद्धाची तारीख विसरत नाहीत ते सून विसरतील?

शुक्रवारी तो त्यांच्याबरोबर बाजारात गेला, इथं सांगू, तिथं सांगू करत. बाबा बोरं घेत होते, बोरंवाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होते, "अरे भैया, ये शहपुरा का नहीं है, मुझे मत सिखाओ." मग चहाच्या टपरीवर बसले. "बाबा," तो म्हणाला. "अं?" "काही नाही, चहा छान आहे." "हाव, आलं टाकते तो." गर्दीत त्याला एकाएकी फार एकटं वाटलं. तिकडे वाटायचं तसं नव्हे. तिकडच्या एकटेपणाला निदान कारण होतं, भाषा परकी, बर्फ, लवकर पडणारा अंधार. इथं सगळं आपलं असून, शेजारी जन्मदाता बाप बसून, घशाशी आलेले चार शब्द बाहेर पडत नाहीत म्हणजे काय? बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठण्यासाठी आधार घेतला. तेवढंच.

शनिवारी अडीचला बाबांनी कानाचं मशीन काढून खिडकीत ठेवलं, धोतर वर खोचलं, आणि मोरीत न जाता ते सरळ अनिमेषच्या खोलीत आले. "दे तुझे कपडे. मागच्या शनिवारी तू मित्रांकडे होता. आज फोनचं काम नाही, तू इथंच आहे." तो नाही म्हणेपर्यंत त्यांनी बॅग उघडून वरचे शर्ट काखेत मारलेसुद्धा. पुडकं त्यानं कसंबसं टॉवेलखाली ढकललं आणि मागोमाग धावला. मोरी अंगणाच्या कोपऱ्यात, पलीकडे शेजारच्या कुंदाकाकूंची भिंत, कमरेएवढी. बाबा दगडापाशी बसले, पहिला शर्ट उलगडला, आणि थांबले. नाकाशी नेला. दुसरा नेला. पुन्हा पहिला. बारा दिवस त्या शर्टांत धूर मुरला होता.

"अनिमेष," बाबा म्हणाले, "हा तुझा धुणीवाला कपडे धुतो का धुरात टांगतो रे?"

"बाबा," तो म्हणाला, "यशश्री नाही तिथं."

"अं? काय नाही?"

"यशश्री!"

"मोठ्यानं बोल, मशीन आत आहे."

घ्या! तीन वर्षं कुजबुजतसुद्धा जे सांगता आलं नाही ते आता ओरडून सांगायची पाळी. त्यानं श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "बाबा, यशश्री गेली!" भिंतीपलीकडे काहीतरी भांडं खणकन पडलं आणि कुंदाकाकूंचं डोकं वर आलं, पदर तोंडाला. "अगं बाई! केव्हा रे? कशानं?" "तशी नाही काकू!" अनिमेष जवळजवळ रडकुंडीला आला. "तशी नाही गेली! चांगली आहे ती! मला सोडून गेली! तीन वर्षं झाली!" शेवटचे शब्द त्याच्याच कानांवर येऊन आदळले. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाईसुद्धा थांबली होती. कुंदाकाकूंनी "हे राम" म्हणून हळूच डोकं खाली घेतलं. शहाण्या बाई, त्या दिवशी पुन्हा वर आल्या नाहीत.

बाबा शर्टाला साबण लावत होते. कॉलरला, मग बाह्यांना, जसा लावायचा तसा. "तीन?" ते म्हणाले. "मी तर अकरा धरून चाललो होतो."

"अकरा कसे? तेव्हा ती होती बाबा. पाच वर्षांपूर्वी इथं आली नव्हती का माझ्यासोबत?" "आली होती ना. चांगली पोरगी. मला मटार सोलून देत होती." बाबांनी ब्रश उचलला. "पण ज्याची बायको घरी आहे तो दर शनिवारी बापाला कानाशी धरून चाळीस मिनिटं धुणीवाल्याकडे चालत जाईल? काहून जाईल? दोन माणसांचे कपडे घरात धुतले जातात रे. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, पोरगा एकटा आहे. ती घरात असो का नसो." आणि ते घासू लागले. अनिमेष ओल्या फरशीवर तसाच खाली बसला. चुकीचा आकडा घेऊन बाबांनी गणित मांडलं होतं आणि उत्तर बरोबर काढलं होतं. त्याला स्वतःला जे तीन वर्षांचं वाटत होतं ते खरोखर अकराचं होतं. नदीकाठच्या पहिल्या शनिवारपासूनचं. "मग बोलले काहून नाही तुम्ही?" तो ओरडला. आता ओरडणं सोपं झालं होतं. "काय बोलू? तू सांगून नाही राहिला, तर मी कोण विचारणारा? म्हटलं, शनिवारी याच्यासंग धुणं करू. तेवढी तरी सोबत." ण कसा स्वच्छ लागत होता त्यांचा. अनिमेषनं दुसरा शर्ट ओढला, साबण लावला आणि घासायला घेतला. बाबांनी एकदा पाहिलं, "कॉलर उलटी कर," म्हणाले.

सगळं धुऊन झाल्यावर बाबा आत गेले आणि त्यांच्या पलंगावरची जाड सोलापुरी चादर काढून घेऊन आले. "ही पण घे. शकू मशीनमध्ये टाकते, पण मशीनची पिळलेली मला आवडत नाही." ती भिजवली, तुडवली, आणि मग दोघं अंगणात समोरासमोर उभे राहिले, एकेक टोक धरून. "तू उजवीकडे फिरव. माझा उलटा राहील. ओढ!" पाणी भसकन पायांवर पडलं. बाबांच्या मनगटात अजून जोर होता, आणि तो जोर अनिमेषच्या हातापर्यंत चादरीतून येत होता. "अकरा वर्षांत ही कधी शनिवारी नाही धुतली मी," बाबा म्हणाले. "एकट्याला पिळता येत नाही."

चारच्या सुमारास चादर वाळत पडली. अनिमेषनं बॅगेतलं पुडकं काढलं, सुरी घेतली, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहिला. वास सुटला तसे बाबा आले, कानात मशीन घालून. थोडा वेळ ते नुसतेच उभे राहिले, नाक वर करून, आईच्या जागेकडे, जिथं पूर्वी चूल होती, तिकडे पाहत. "हे कुठून आणलं?" त्यांनी विचारलं. अनिमेषनं ठरवलं की आता खोटं बोलायचं नाही. कोणालाच नाही. "धुनीवाल्याकडून," तो म्हणाला.

"धुणीवाला हे पण विकतो?"

"हाव."

"तरीच," बाबा म्हणाले, "तरीच कपड्यांना वास. त्याला सांग, दोन धंदे एका खोलीत नको करू म्हणून." त्यांनी एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "तुझी आई असंच काहीतरी करायची," मग म्हणाले. "निखारा ठेवून. काय म्हणायची बरं ती त्याला?" अनिमेषच्या ओठांवर शब्द आला होता. त्यानं सांगितलाही. "हो, तेच," बाबांनी मान हलवली, पण त्यांना तो कुठला ऐकू आला कोण जाणे. "आज शनिवार आहे बाबा, चालेल का तुम्हाला?" "पोटच्या पोरानं आणलेलं शनिवारी चालते. मारुतीशी मी पाहून घेईन. तू काप."

"किती कापू?"

"किती म्हणजे?" बाबांनी पाट मांडले. "दोघांचं."

अनिमेषनं दोघांचं कापलं. मागे काही उरलं नाही.